नाव आणि कौतुक घातलं की सेल्स मेल 'पर्सनल' होतो?

खरेदीखातं: कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. "पहिल्या ओळीत नाव घाला, ताज्या लिंक्डइन पोस्टचं कौतुक करा, रिप्लाय आलाच म्हणून समजा." मी खरेदी विभागात आहे, हे मेल माझ्याच इनबॉक्समध्ये येऊन पडतात. आमचा एक सहकारी वारला तेव्हा मी त्याच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. लगेच मेल आला: "तुमची पोस्ट फार प्रेरणादायी वाटली! त्याच संदर्भात आमचं पेरोल सॉफ्टवेअर..." टूलने पोस्ट उचलली, माणसाने वाचलीच नाही. याला पर्सनलायझेशन म्हणायचं?

टार्गेटवाला: ते वाईटच झालं. पण त्यावरून सगळ्यांना झोडपू नका. महिनाअखेरीला मॅनेजर किती मेल गेले ते विचारतो, किती कंपन्यांचा अभ्यास केला ते नाही. एकेका मेलवर अर्धा तास घालवला तर टार्गेट कोण भरणार?

सर्व्हरमागचा: ढिगाने पाठवायचे दिवस गेले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच कंपनीकडून आलाय हे पटवणाऱ्या तपासण्या) तिन्ही लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. हजारात तिघांनी स्पॅमचं बटण दाबलं की डोमेनची, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या कंपनीच्या नावाची, पत घसरते. मग तुमच्या अकाउंट्सवाल्यांचं इन्व्हॉइससुद्धा स्पॅममध्ये जाऊ शकतं.

टार्गेटवाला: आमचा ओपन रेट, म्हणजे शंभरातले किती मेल उघडले जातात तो आकडा, उत्तम आहे.

सर्व्हरमागचा: ओपन रेटचं काय घेऊन बसलात! 2021 मध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असेल तर ट्रॅकिंग पिक्सेल (मेल उघडला की पाठवणाऱ्याला कळवणारं न दिसणारं चित्र) परस्पर लोड होतो, मेल उघडलेला नसला तरी.

खरेदीखातं: आणि त्याच पिक्सेलच्या भरवशावर फोन येतात: "मॅडम, तुम्ही आमचा मेल तीनदा उघडलात, तर बोलू या का?" ही पाळत आहे. असा फोन आला की त्या कंपनीचं नाव मी यादीतून काढते.

टार्गेटवाला: मग फॉलोअप काय हवेत करायचा? दुकानात आलेलं गिऱ्हाईक कुठे रेंगाळतंय ते बघतातच की.

खरेदीखातं: माझा इनबॉक्स तुमचं दुकान नाही. मी तुमच्याकडे आले नव्हते, तुम्ही माझ्या घरात शिरलात!

टार्गेटवाला: आवाज चढवू नका. तुमच्यासारखे लोक 'नको' एवढं एका शब्दात कळवत नाहीत, म्हणून पिक्सेल लावावे लागतात.

नवी सेल्सवाली: पिक्सेलवर किती भांडाल? मूळ प्रश्न तसाच राहिला. ज्या कंपनीला लिहायचं तिच्या नोकरीच्या जाहिराती मी वाचते. एका कंपनीला तीन गोदामांचा स्टॉक जुळवायला माणूस हवा होता. मी एवढंच लिहिलं: "तिन्ही गोदामांचा स्टॉक अजून एक्सेलमध्येच जुळवता का? महिनाअखेरीला फरक कुठे निघतो?" कौतुक नाही, ब्रोशर नाही. त्यांच्या ऑपरेशन्सच्या माणसाने स्वतः फोन केला.

खरेदीखातं: असा मेल आला तर मी नक्की वाचेन. कामाचं विचारलंय, माझ्या फोटोचं किंवा कॉलेजचं नाही.

टार्गेटवाला: एक किस्सा म्हणजे पुरावा नव्हे. पण जाहिरातींचं पटलं, नाकारत नाही. मोठ्या गिऱ्हाइकांना असे हाताने लिहीन. बाकीच्यांना टेम्प्लेटच जाणार.

खरेदीखातं: पाठवा. निदान त्यांतली खोट्या कौतुकाची ओळ तरी काढा.

टार्गेटवाला: ती काढतो. पिक्सेलचं मात्र मॅनेजरशी बोलावं लागेल.