कल्पना भारी, रेकॉर्डिंग मात्र ऐकवत नाही: अशा संगीतकारांचं काय करावं?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. काही संगीतकारांबद्दल वाचायला जी मजा येते ती त्यांचं ऐकताना येत नाही. जॉन केज, आल्विन लुसिएर, स्टीव्ह राइशची सुरुवातीची कामं, ब्रायन ईनो, शिवाय आपल्याकडे श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरभेदांवर, आयुष्य घालवलेली माणसं. कल्पना दोन ओळींत सांगितली की अंगावर काटा येतो, आणि रेकॉर्डिंग लावलं की दहाव्या मिनिटाला हात फोनकडे जातो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ऐकण्यात नेमकं काय चुकतं? यातलं काय घरच्या सामानात करून बघता येईल? आणि शास्त्रीय संगीतात अशी उदाहरणं कोणती? 'कंटाळा आला तर बंद करा' हे उत्तर माहीत आहे, ते नको.

---

स्लॅबखाली (भुसावळ)

लुसिएरपासून सुरू करू, कारण त्याच्याबाबतीत तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि उपायही सोपा आहे.

'आय ॲम सिटिंग इन अ रूम' हे काम १९६९चं. एका खोलीत बसून चार वाक्यं बोलायची, ती रेकॉर्ड करायची, तेच रेकॉर्डिंग त्याच खोलीत स्पीकरवर वाजवून पुन्हा रेकॉर्ड करायचं, मग ते वाजवून पुन्हा. प्रत्येक फेरीत खोलीला जे स्वर आवडतात ते फुगतात, बाकीचे झिजतात. शेवटी शब्द जातात आणि नुसते घुमणारे सूर उरतात. १९८०च्या रेकॉर्डिंगमध्ये अशा ३२ फेऱ्या आहेत, साधारण ४५ मिनिटं. आता त्यातली खोली आपण कधी पाहिलेली नाही, तिच्यात आपला आवाज कसा लागतो ते माहीत नाही. मग तिचे सूर ऐकून आपल्याला काय कळणार? स्वतःच्या खोलीत केलं की गोष्टच बदलते.

सामान: लॅपटॉप, ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), ऑक्स वायरचा स्पीकर, एक साधा माईक. खोली स्लॅबची, फरशीची, शक्यतो रिकामी. धाब्याच्या घरात हे नीट होत नाही, मातीच्या भिंती आणि छत आवाज पिऊन टाकतात. गाद्या, गोधड्या, पडदे बाहेर काढा. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर बंद.

एक मिनिटाचा मजकूर बोला, मराठीतच. स्पीकर साधारण चार फूट उंचीवर, माईक त्याच्यापासून सहा-सात फुटांवर, आणि दोन्ही खोलीच्या बरोबर मध्यावर नकोत. मध्यावर काही सूर माईकला पोचतच नाहीत. एकदा ठेवले की शेवटपर्यंत हलवायचे नाहीत. रेकॉर्डिंग मोनो, वेव्ह फाइल. प्रत्येक फेरीनंतर आवाजाचं टोक उणे ६ डेसिबलवर आणून मगच पुढची फेरी.

१० बाय १२ ची खोली धरा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरला तर त्या दिशेचा सर्वात खालचा सूर ५७ हर्ट्झच्या आसपास, १२ फुटांचा ४७. छोटा स्पीकर एवढं खाली जातच नाही, त्यामुळे तुम्हाला त्यांच्या पटीतले वरचे सूर ऐकू येतील, १७०, १९० वगैरे. सहाव्या-सातव्या फेरीला शब्द कळेनासे होतात, बाराव्या-पंधराव्याला सूर राहतात. खोली चौरस असेल तर लांबी-रुंदीचे सूर एकच असल्यामुळे ती लवकर एका स्वरावर येऊन बसते.

आणि हे खास आपल्या भागासाठी. जानेवारीत खोलीत १८ अंश, मे महिन्यात पंखा बंद केल्यावर ३८. आवाजाचा वेग यात सुमारे साडेतीन टक्के वाढतो, म्हणून खोलीचे सगळे सूर तेवढेच चढतात. जानेवारीत खोलीचा सा जिथे होता त्याच्या आणि कोमल रेच्या साधारण मधोमध तो मे महिन्यात जातो. दोन्ही फाइल जपून ठेवा आणि एकापाठोपाठ एक लावा. हे लुसिएरच्या तबकडीत मिळणार नाही.

---

काळी_एक (चोपडा)

शास्त्रीय संगीताचं विचारलंत म्हणून. पहिलं नाव कृ. ब. देवल यांचं. बावीस श्रुतींची गणितं त्यांनी १९१०च्या इंग्रजी पुस्तकात मांडली, आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्सच्या साथीने श्रुतींची पेटी पुढे आणली. वाचताना वाटतं, बस, पेटीचा बेसूरपणा कायमचा मिटला. पण गवयांमध्ये ती रुजली नाही, आणि का ते पेटीवर हात ठेवला की कळतं. सप्तकात बारा पट्ट्या सांभाळतानाच बोटं अडखळतात, तिथे आणखी सूर कोंबले. दुसरं, ती लावलेली असते एका सा वरून. गायकाने पट्टी बदलली की सगळं गणित ढासळतं. तिसरं मोठं: दरबारी रागाचा गंधार (ग) एका जागी बसतच नाही, आंदोलत राहतो. त्याला रीड (पेटीतली सूर देणारी धातूची पट्टी) कुठली लावणार?

पण देवलांच्या कल्पनेचा गाभा खोटा नाही, तो तपासता येतो. तंबोरा पांढरी एकला (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) लावा, चांगला मिळवलेला, किंवा ॲपवर पण हेडफोनने. खर्ज, म्हणजे सर्वात खालचा सा, ६५.४ हर्ट्झ. त्याच्या पाचव्या पटीत ३२७ला गंधार आपोआप बोलतो, हाच स्वयंभू गंधार. आता पेटीवर पांढरी तीन दाबा, ती असते ३२९.६ला. फरक अडीच-पावणेतीन हर्ट्झचा. म्हणजे दोन्ही सूर एकत्र वाजले की सेकंदाला अडीचेक हेलकावे कानाला लागतात; चार सेकंद धरून मोजले तर दहा. ऐकूच येत नसतील तर पेटी चढली-उतरली आहे, पंचम आधी जुळवून बघा.

दुसरं नाव पंडित प्राणनाथ, किराणा घराण्याचे गायक. १९७०मध्ये न्यूयॉर्कला गेले, ला माँट यंग आणि टेरी रायली त्यांचे शिष्य झाले, १९९६ला गेले. त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं ते वाचून फोनच्या स्पीकरवर त्यांचा यमन लावला तर निराशाच होणार. सगळा खेळ एका सुराच्या तंबोऱ्यातल्या जागेचा आहे, आणि फोनच्या स्पीकरला खर्ज काढताच येत नाही. मग राहतो फक्त एक संथ गाणारा माणूस. तंबोरा आणि गळा जवळपास सारख्या आवाजात ऐकू येईल असे मोठे स्पीकर किंवा कान झाकणारे हेडफोन घ्या, मगच मत बनवा.

जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांचंही तसंच. १० इंची बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. ज्या बुवांच्या तासभराच्या विलंबिताचं वर्णन वाचलं, त्यांचं प्लेटवर घाईचं द्रुत मिळतं. त्यात कॉपी करणाऱ्याने फिरण्याचा वेग चुकवला असेल तर आणखी वाट. ७४ फेऱ्यांची प्लेट ७८वर फिरवली की आवाज जवळजवळ एक पूर्ण पट्टी चढतो आणि गळा बारीक होतो. तानेत कंप अनैसर्गिक वाटला की आधी वेग कमी करून पाहा.

---

मंडप_साऊंड (धुळे)

राइशचं 'पेंड्युलम म्युझिक', १९६८. जमिनीवर स्पीकर आकाशाकडे तोंड करून, वर माईक टांगलेले. ते मागे ओढून एकदम सोडायचे. स्पीकरवरून जाताना माईक शिट्टी मारतो, पुढे गेला की गप्प. झोके लहान होतात तसतशा शिट्ट्या लांबतात, शेवटी सगळे माईक थांबतात आणि सलग घूं सुरू होतो, मग प्लग काढायचे. रेकॉर्डवर नुसतं कुंई-कुंई. हॉलमध्ये डोळ्यांनी झोका दिसतो म्हणून पुढची शिट्टी कधी येणार याची वाट बघितली जाते, तेच तर संगीत आहे भो.

करायचं तर तीन गोष्टी सांभाळा. माईक डायनॅमिक घ्या, कंडेन्सर नको. माईक वायरला लटकवू नका, नायलॉनच्या दोरीला बांधा आणि वायर सैल सोडा. नाहीतर जोडाचं सोल्डरिंग सुटतं आणि माईक स्पीकरच्या पडद्यावर आपटतो. गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) शून्यापासून चढवा: माईक स्पीकरच्या बरोबर वर स्थिर धरून शिट्टी जिथे सुरू होते त्याच्या किंचित वर थांबा. जास्त ठेवला तर माईक लांब गेला तरी शिट्टी तुटत नाही आणि झोक्याचा ठेका मरतो. ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग) जळतो तो याच टप्प्यात, म्हणून वरचा इक्वलायझर आधीच खाली.

जागा मोकळी हवी असेल तर पावसाळ्यात बंद असलेलं कापसाचं जिनिंग उत्तम. फक्त कोरडा दिवस धरा, पत्रा वाजायला लागला की काही ऐकू येत नाही.

---

पाव_सेकंद (अमळनेर)

ईनोला या यादीतून काढा. त्याचं रेकॉर्डिंग हेच मूळ काम आहे, आणि 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) हळू आवाजात लावून दुसरं काम करायचं असतं. समोर मांडी घालून बसलात तर कंटाळा येणारच.

तरी कृती सांगतो. त्यातल्या दुसऱ्या तुकड्यात गायलेल्या एकेका स्वराच्या टेपचे फेर आहेत, प्रत्येक वेगळ्या लांबीचा. त्याने सांगितलेले अंदाजे आकडे: साडेतेवीस सेकंद, २५ पूर्णांक ७/८ आणि २९ पूर्णांक १५/१६. हे तीनच फेर घेतले तरी ते पुन्हा एकत्र सुरू व्हायला जवळजवळ २७ दिवस लागतात. सोळांश सेकंदात ३७६, ४१४, ४७९ मांडून लसावि काढा, पटेल.

ऑडॅसिटीत तीन ट्रॅक करा, प्रत्येकात पाच-सहा सेकंदांचा एक 'आ', पुढे शांतता भरून लांबी पूर्ण करा आणि रिपीट लावा. नेहमीची चूक म्हणजे २०, २५, ३० असे गोल आकडे. लसावि ३००, म्हणजे पाच मिनिटांत सगळं तसंच्या तसं परत आणि कान लगेच पकडतो. दुसरी चूक, फेर एमपीथ्रीत साठवणं. सुरुवातीला बारीक पोकळी येते आणि लांबी बिघडते. स्वर निवडताना सा, म, ध घ्या. शेजारचे दोन सूर एकमेकांवर आले की खरखरतं.

---

तापीकाठ

@स्लॅबखाली दादा, लुसिएरची कृती फोन आणि ब्लूटूथ स्पीकरवर केली तर पाचव्या फेरीलाच एक बारीक शिट्टी येते, शब्द मात्र तुटक कळत राहतात. असं का? आणि केजबद्दल कोणीच बोललं नाही.

---

स्लॅबखाली

ती शिट्टी खोलीची नाही, तुमच्या स्पीकरची आणि फोनच्या माईकची. दोघांचाही जोर २-४ हजार हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे दर फेरीला तोच भाग फुगतो. शब्द तुटक येतात ते फोनच्या नॉइज सप्रेशनमुळे. तो घुमण्याला गोंगाट समजून कापतो, म्हणजे आपल्याला हवं तेच काढून टाकतो. ऑटो गेनही तसाच. शिवाय ब्लूटूथ स्पीकर शांततेत झोपतो आणि पहिलं अक्षर गिळतो. वायर लावा, बेस बूस्ट बंद करा, फोनच वापरायचा तर प्रक्रिया न करणारं रेकॉर्डर ॲप घ्या. तरी शिट्टी राहिली तर स्पीकरचं तोंड माईककडे न ठेवता भिंतीकडे वळवा, थेट आवाज कमी होतो आणि खोली जास्त बोलते.

केजचं ४ मिनिटं ३३ सेकंद, १९५२. वादक एकही सूर वाजवत नाही, तेवढ्या वेळात आजूबाजूला जे ऐकू येतं तेच संगीत. त्याचं रेकॉर्डिंग विकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या हॉलमधली खोकल्याची उबळ ऐकणं. पहिल्या प्रयोगाच्या पत्रिकेत तीन भाग होते: ३० सेकंद, २:२३ आणि १:४०. छापील प्रतीत ३३ सेकंद, २:४० आणि १:२०. बेरीज दोन्हीकडे २७३ सेकंदच. मोबाइलवर तीन टायमर लावा आणि रात्री अकरानंतर गच्चीवर बसा. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जवळ असेल तर तिचा घूं १०० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. एकदा तो पेटीवर जुळवून बघितला की मधल्या २:२३मध्ये दुसरं काही ऐकणं अवघड होतं, म्हणून पहिल्यांदा बसाल तेव्हा डीपीपासून लांबची गच्ची निवडा.