आरपीएम चढतं, गाडी चढत नाही

नमस्कार मंडळी,

सुट्टीला अंबाजोगाईला आलोय. बाबांच्या ऑटोमॅटिक गाडीचं विचारायचंय.

परवा संभाजीनगरहून परतताना बीड मागे टाकलं आणि मांजरसुंब्याचा घाट लागला. दुपारचे दोन, एसी चालू, आम्ही पाच जण आणि डिकी भरलेली. तिसऱ्यातून चौथा गिअर पडताना आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा २००० वरून एकदम ३००० च्या पुढे गेला, वेग होता तिथेच. मग धक्का बसून गिअर लागला. घाटात चारदा असं झालं. बाबा म्हणाले, "नुस्ती वरडायली, पळंना!" घरी रिव्हर्स टाकला तर गाडी हलायला तीन सेकंद लागले. सकाळी थंड असताना मात्र काही त्रास नाही.

इथल्या गॅरेजवाल्याने फेरीही न मारता सांगितलं, गिअरबॉक्स बदला. आकडा ऐकल्यापासून बाबांना झोप नाही, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी आहे. काय करावं?

---

अरे, आधी बाबांना सांग की गिअरबॉक्स अजून गेलेला नाही. थंड गाडी नीट चालते, ही चांगली खूण आहे. मात्र निदान होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. आरपीएम चढून वेग वाढत नाही, म्हणजे गिअरबॉक्समधल्या, चाकांकडे जोर पोचवणाऱ्या क्लचच्या चकत्या घसरतायत; त्या जितक्या घसरतील तितक्या जळतील, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरेल.

वाळूजला वर्कशॉपात माझी पंचवीस वर्षं गेली. ऑटोमॅटिक गाडी आली की माझा पहिला प्रश्न असायचा, कुठली ऑटोमॅटिक? २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. तिच्यात गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. ती घसरली तर आधी क्लच प्लेट बघायची. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, जोर दिला की आरपीएम आधी चढतं आणि वेग मागून येतो, तो तिचा स्वभावच. तू सांगतोस तसे गिअर मोजून पडत असतील आणि गाडी टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारी असेल, तर सगळा खेळ गिअरबॉक्सच्या तेलाच्या दाबाचा. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब उतरतो आणि चकत्या एकमेकींना घट्ट धरत नाहीत. गरम तेल पातळ होतं, म्हणून दुखणं भर दुपारी घाटात दिसतं आणि सकाळी लपतं. रिव्हर्स उशिरा लागतो तोही त्यामुळेच.

आज रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथर. सकाळी डाग दिसला तर बोट लावून वास घे. लालसर आणि बिनवासाचं असेल तर घाबरू नकोस. काळपट आणि जळका वास असेल तर चकत्यांना झळ बसलीय. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरचं पाणी तेलात शिरलंय, मग गाडी सुरूसुद्धा करायची नाही.

गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणारा स्कॅनर लाव, स्वस्तातला नुसतं इंजिन वाचतो. पी०७०० एवढाच बिघाडाचा कोड आला तर त्याचा अर्थ फक्त "आत बघा". पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे घसरण खरी. कुणी ब्रेक दाबून फुल रेस द्यायला लागला तर थांबव, त्या चाचणीत तेल काही सेकंदांत भयंकर तापतं. घसरण थांबवणारं म्हणून बाटलीतलं औषधही ओतू देऊ नकोस.

आणि एक नक्की कळव: तेल शेवटचं कधी बदललं, किती वाजता? डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) नसलेल्या गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना बघतात. बऱ्याच गाड्यांत ते ४० अंशांच्या आसपास असतं, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळेल. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा चाळिशीपार. दुपारी पातळी बघितली तर फुगलेलं तेल पातळी बघायच्या बुचातून वाहून जातं, आणि गार झाल्यावर आत कमी उरतं.

---

काका, नमस्कार.

गाडी टॉर्क कन्व्हर्टरचीच निघाली, सहा गिअरची. तेल गेल्या मे महिन्यात बदललं होतं, जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत. बिलावर बाबांनी वेळसुद्धा लिहून ठेवलीय: १२.५०.

पुठ्ठ्यावर सकाळी दोन डाग होते, रुपयाएवढे, तपकिरी लाल. जळका वास नव्हता. डाव्या ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील पाझरत होतं. कोड पी०७३० आला. लातूरला एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी फ्लॅटबेडवर (ट्रकवर चढवून) नेली. तुमचा मेल त्यांना वाचून दाखवला, तर ते म्हणाले, "उद्या सहाला या, ऊन चढायच्या आत." आतलं तेल मोजलं तर सव्वा लिटर कमी! गिअरबॉक्समधल्या, धातूचा कीस धरणाऱ्या चुंबकावर बारीक राखाडी थर होता, तुकडे नव्हते. सील बदललं, कंपनीने सांगितलेलंच तेल भरलं, स्कॅनरवर तापमान बघत पातळी लावली.

काल मुद्दाम दुपारी मांजरसुंबा चढलो. बाबा शेजारी बसून काट्याकडेच बघत होते. चौथा पडताना तो २००० च्या जरासा वर जाऊन खाली आला. रिव्हर्स लगेच लागतो. मिस्त्रींनी पंधरा दिवसांनी पुन्हा पातळी बघायला बोलावलंय. मी तोवर परत गेलेला असेन, बाबा नेतील. पुठ्ठा ते रोज पहाटे काढून बघतात. आज कोरडा होता.