इलेक मॅन मरंनाच झालाय, काय करू?

टिळकवाडीकर: जुना मेगा मॅन व्हिडिओ गेम काढलाय खेळायला, १९८७ चा पहिला पार्ट. त्यातल्या विजेच्या बॉसपाशी, इलेक मॅनपाशी येऊन अडकलोय बघा, त्याचा थंडर बीम (विजेचा झोत) तीनदा लागला की खेळ खल्लास, आणि आपली साधी गोळी मारून मारून बोटं दुखायलीत. लहानपणी शेजारच्या दादाकडं कॅसेटवर बघितलेला, तेव्हा तो पटकन मारायचा, कसं काय ते आठवंना.

निपाणीचा गडी: अगोदर कट मॅनला, त्या कात्रीवाल्या बॉसला मार की लेका! त्याची कात्री, रोलिंग कटर, ती घेऊन जा. तीन फटक्यात इलेक मॅन आडवा. वायरच कापली म्हण की 😄

खानापूरकर: होय, आणि इलेक मॅनला मारून त्याचा थंडर बीम मिळाल्यावर त्याच्याच स्टेजमधे परत जा, ठोकळ्यांच्या मागं मॅग्नेट बीम (हवेत उभं राहायला फळ्या करणारं हत्यार) हाय, ठोकळे थंडर बीमनं फुटतात (गट्स मॅन ह्या दुसऱ्या बॉसची सुपर आर्म असली तरी चालतं). मॅग्नेट बीम नसलं तर पुढं वायलीच्या, मुख्य व्हिलनच्या, किल्ल्यात लई हाल.

मला विचारशील तर मारिओ २ गेममधले स्पार्क (विजेच्या ठिणग्या) जास्त डोक्यात जातात, फळीभोवती नुसतं गरागरा फिरायलेत, उडी मारली की नेमकं तिथंच.

टिळकवाडीकर: मारला रे मारला!! तिसऱ्या कात्रीला गेला. आणि त्याच मिनिटाला आमच्या गल्लीतली लाईट गेली, बदला घेतला वाटतं त्यानं.