मुलाला नवव्या वर्षी फॅटी लिव्हर. माझ्या गरोदरपणातल्या वजनाचा संबंध असतो का?

लोणंदकरीण

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच माफी.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली. दुखण्याचं कारण साधं बद्धकोष्ठ निघालं, पण रिपोर्टच्या तळाला एक ओळ होती: ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलीय, पहिली पायरी. मग रक्त तपासलं, एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते) ५८. उंची १३४ सेंटिमीटर, वजन ४१ किलो. आमच्या घरात दारूचा थेंब नाही. हे दारुड्यांचं दुखणं माझ्या पोराला कसं, हेच कळेना.

डॉक्टरांनी त्याची मान मागून पाहिली. तिथे एक काळपट पट्टा आहे. तो मळ समजून मी दोन वर्षं बेसन, लिंबू, उटणं, काय काय लावून घासतेय. पोरगं रडायचं. तो मळ नव्हेच, अंगात इन्सुलिन जास्त झाल्याची खूण आहे म्हणे. एवढं ऐकूनच मी गार झाले होते, तर पुढचा प्रश्न आला: "हा पोटात राहिला तेव्हा तुमचं वजन किती होतं?"

सासूबाई शेजारीच बसलेल्या. ७८ किलो, उंची पाच फूट एक इंच. बाळंतपणाला गेले तेव्हा ९५. सातव्या महिन्यात साखर "जरा वर" आली होती, गोड कमी करा एवढंच सांगितलं, परत कोणी तपासली नाही. सिझर झालं, बाळ ३.६ किलो. सगळे म्हणाले, काय गुटगुटीत आहे!

परत येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तरी मी सांगत होते." काय सांगत होत्या? दोन जिवांची आहेस, दोघांचं खा, हे सांगत होत्या! रोज सकाळी शिऱ्याची वाटी आणि वर तुपाची धार कोण आणून देत होतं, ते रिक्षात बोलले नाही. इथे बोलते.

तर विचारायचं असं: आईच्या वजनाने मुलाचं लिव्हर खरंच बिघडतं का? जावेचा मुलगा आमच्याच ताटातलं खातो, तो काडी आहे. आणि दुसऱ्याचा विचार चालू आहे. मी आज ८१ किलो. थांबू का?

---

रोह्याचे_अप्पा

काही घाबरू नका ताई. लहानपणी अंगावर असतं ते उंची वाढली की उतरतं. रोज उपाशीपोटी गुळवेलाचा काढा द्या, लिव्हर धुऊन निघतं. आमच्या शेजाऱ्यांना गुण आला.

---

मुलांचा_डॉक्टर_सातारा

अप्पा, काढा राहू द्या. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली छापून नोंदवले. एसजीपीटी आधीच वाढलेल्या मुलावर हा प्रयोग नको.

ताई, तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, म्हणून औषधाचं बोलत नाही. पण प्रश्न चांगला आहे आणि उत्तर "हो, पण" असं आहे. आधी हो.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवू लागतं आणि आलेल्या साखरेची चरबी होते. आईच्या रक्तातली चरबीही थोडीफार पलीकडे जाते. आता गंमत बघा, शेवटचे तीन महिने सुरू होईपर्यंत गर्भाच्या कातडीखाली चरबीची कोठारं जवळजवळ नसतात. माल येतोय आणि गोदाम बांधून झालेलं नाही. मग तो उतरतो लिव्हरमध्ये. लिव्हरच्या पेशींना चरबी जाळायची जी सवय लागायची, ती त्याच काळात बिघडते असं दिसतं.

हे नुसतं तर्काचं नाही. लंडनला १०५ आया आणि त्यांच्या नवजात बाळांचा अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. धडधाकट बाळांचं एमआरआय केलं, तर आईचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) जितका जास्त तितकी बाळाच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त. बाळाने अजून बाहेरचा घासही घेतलेला नव्हता. स्वीडनमध्ये पंचविशीच्या आत बायोप्सीने, म्हणजे लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासून, फॅटी लिव्हर सिद्ध झालेल्यांच्या आया पाहिल्या. बीएमआय ३० च्या वर असलेल्या आयांच्या मुलांत धोका तिपटीहून जास्त निघाला.

आता पण. त्या अख्ख्या देशात असे रुग्ण सापडले १६५. बायोप्सी फार थोड्यांची होते, त्यामुळे खरा आकडा मोठा असणार, हे मान्य. तरी तिप्पट ऐकून जी धडकी भरते तेवढं हे नाही. जाड आयांची बहुतेक मुलं या यादीत नव्हती.

दुसरं म्हणजे तुम्ही सगळा हिशेब स्वतःच्या नावावर मांडलाय. लिव्हरमध्ये चरबी साठवण्याकडे कल देणारा पीएनपीएलए३ नावाचा जीन आहे, तो आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. बाबांचं वजन किती? ते कोणी विचारलं नाही ना? मीही पूर्वी विचारत नसे. खोटं कशाला बोलू.

आणि जावेच्या काडीवर फार विसंबू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आया बारीक, कष्टकरी. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव जितके कमी भरले, तितकी चरबी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबीवाली. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ लाच जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. जावेच्या मुलाचीही कधी मान बघा.

तुमच्या मुलाचं काय करायचं: ५८ हा आकडा लॅबच्या छापील ४० च्या मर्यादेशी ताडू नका, या वयाच्या मुलग्यांत २६ च्या वर गेला तरी आम्ही लक्ष ठेवतो. हिपॅटायटिस (लिव्हरची सूज), विल्सन (लिव्हरमध्ये तांबं साठण्याचा आजार), सीलिॲक (गहू न सोसण्याचा आजार) नाही ना, हे तुमच्या डॉक्टरांकडून एकदा नक्की करून घ्या. वाढत्या मुलाचं वजन खाली ओढायला जाऊ नका. ४१ वर थांबवलं आणि उंची वाढू दिली तरी काम होतं. पाकिटातला ज्यूस, कोल्ड्रिंक, दुधातली चॉकलेटची पावडर बंद, आणि ते सगळ्या घराला बंद. त्याच्या एकट्याच्या ताटात काकडी ठेवून बाकीच्यांनी वडापाव खाल्ला तर पोरगं चोरून खाणार.

आणि मान घासू नका हो. वजन आणि इन्सुलिन आटोक्यात आलं की पट्टा आपोआप फिका होतो.

---

एडिसनची_सून

लोणंदकरीण, मी सांगलीची, आता न्यू जर्सीत. पहिल्या वेळी माझी साखर वाढली होती, वजन २१ किलोने वाढलं. आई इथे आली होती, खिमट सोडून सगळं मला भरवलं (खिमट बाळासाठी राखून ठेवलं होतं).

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आकडा दिला. सुरुवातीला बीएमआय ३० च्या वर असेल तर नऊ महिन्यांत ५ ते ९ किलोच वाढायचे. मला वाटलं मस्करी करतेय. पण गरोदरपणात वजन उतरवायचं नाही, डाएट करायचं नाही, हेही तितकंच ठासून सांगितलं. जे उतरवायचं ते आधी. मी दीड वर्ष थांबले, ८ किलो उतरवले. बारीक नाही झाले, नुसती कमी जाड झाले. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं, भात अर्धी वाटी, सकाळी शिऱ्याऐवजी मुगाचं धिरडं. ७ किलो वाढले. मुलगी ३.१ ची झाली.

तिचं लिव्हर कसं आहे, माहीत नाही. कोणी तपासलेलं नाही, मीही तपासायला लावलेलं नाही.

---

लोणंदकरीण

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचं वाचून नवऱ्याला काट्यावर उभं केलं. ९२. सासूबाई म्हणाल्या, पुरुषाचं अंग तसंच असतं. मी त्यांना तुमचा जीनवाला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. गप्प बसल्या, पण त्या दिवशी चहात साखर स्वतःहून कमी टाकली.

एक राहिलं. मला दूध कमी येतं म्हणून तिसऱ्या महिन्यातच वरचं दूध सुरू केलं होतं. त्यानेही लिव्हरला काही होतं का? की हेही माझ्याच नावावर?

---

मुलांचा_डॉक्टर_सातारा

नावावर काही लिहायचं नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला सतरा वर्षांच्या मुलांच्या सोनोग्राफ्या केल्या होत्या. सहा महिने वरच्या दुधाशिवाय अंगावर पाजलेल्यांत फॅटी लिव्हर कमी होतं, आईचं वजन गरोदरपणाआधी जास्त असलेल्यांत जास्त. मागच्या वेळचं आता काही करता येत नाही. पुढच्या वेळी दूध कमी वाटलं तर डबा उघडण्याआधी पाजण्याची पद्धत बघणाऱ्या कुणाला तरी दाखवा. वजन जास्त असलेल्या आयांना, त्यात सिझर झालेल्यांना, दूध उतरायला एखाद-दोन दिवस जास्त लागतात आणि लोक तेवढ्यात धीर सोडतात.

थांबू का विचारलंत, म्हणून एक सांगतो. अमेरिकेत ओरेगॉनला माकडिणींवर प्रयोग झाला, २००९ चा. तुपकट खाण्यावर ठेवलेल्या माद्यांच्या गर्भाच्या लिव्हरमध्ये चरबी साठली, आणि जी मादी स्वतः जाड झाली नव्हती तिच्याही. मग जाड माद्यांना पुढच्या गरोदरपणात साधं खाणं दिलं. माद्या जाडच राहिल्या, पण पिल्लांच्या लिव्हरमधली चरबी कमी झाली. माकड म्हणजे माणूस नव्हे. तरी ८१ चे ६० होईपर्यंत थांबायची गरज नाही, असं मी माझ्या बहिणीला सांगेन. चार-सहा किलो उतरवा, साखर आणि थायरॉईड आत्ताच तपासा. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी मागून घ्या, पुढे सहाव्या महिन्यात परत. दोन तासांनी १४० किंवा वर आली तर "गोड कमी करा" एवढ्यावर उठून येऊ नका.

---

लोणंदकरीण

तपासणीचं लिहून फ्रिजवर लावलंय. मुलाने वाचलं आणि विचारलं, बाळ येणार आहे का. अजून नाही म्हटलं. मग म्हणाला, आता मान नाही ना घासणार?