मदत हवी आहे: २००० रुपयांत पुरासाठी घरात काय काय भरून ठेवू?

तळमजला_पंचवटी:

नमस्कार मंडळी. आधी परिस्थिती सांगतो. नाशिकला पंचवटीत गंगेपासून (म्हणजे गोदावरी, इथे तिला गंगाच म्हणतात) चालत सात-आठ मिनिटांवर तळमजल्याला भाड्याच्या दोन खोल्या आहेत, घरात मी, बायको, चार वर्षांची मुलगी आणि आई. आईला बीपी आहे आणि गुडघे गेलेत, एक मजला चढायला पाच मिनिटं लागतात. मी अंबडला शिफ्टमध्ये, म्हणजे महिन्यातले दहा दिवस रात्री घरी नसतोच.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री दीड वाजता गल्लीत पाणी चढायला लागलं, लाइट गेलेली, सुदैवाने मी घरी होतो. टॉर्च काढली तर आतले सेल फुटून हिरवं झालेलं, मोबाइल ९ टक्के, पॉवरबँक भाच्याने नेलेली. बायकोने दहा मिनिटांत बॅग भरली, वरच्या काकूंकडे गेल्यावर उघडली तर सहा साड्या, लग्नाचा अल्बम आणि पोरीचा एकच मोजा. आईच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात तशाच. (बायकोला नावं ठेवत नाहीये, मी काय आणलं तर टीव्हीचा रिमोट. का ते अजून कळलेलं नाही.) पाणी उंबरठ्याला लागून उतरलं म्हणून वाचलो, पण तेव्हापासून ढग वाजले की आई उठून बसते.

तर यंदा इमर्जन्सीची एक पिशवी शून्यापासून करायची आहे. यूट्यूबवर बघितलं तर वॉकीटॉकी, पाणी गाळायची नळी, परदेशी पाकिटातलं जेवण, आणि तयार बॅग ऑनलाइन सहा-सात हजाराला. माझ्याकडे एकरकमी २००० आहेत, पुढे महिन्याला तीनचारशे निघतील. त्यात आधी काय घेऊ, काय नाही घेतलं तरी चालेल, पाणी किती साठवू आणि ठेवू कुठे, कारण घरात माळा एकच आहे आणि त्यावर मालकाचं सामान आहे. अनुभवातून सांगा प्लीज.

जुनं_नाशिक:

बाळा, पिशवी दोन नंबरला. एक नंबरला काय, तर कधी निघायचं ते आधी ठरव. आम्ही लहानपणापासून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर मोजतो, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. १९६९ चा मी पाहिलाय, २००८, २०१६, २०१९ तर तुम्ही पोरांनीही पाहिलेत, सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. दरवेळी अडकलेले लोक तेच, "अजून कमरेलाच आहे" म्हणत चहा पीत बसलेले.

गंगापूर धरणातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं एवढ्यावर जाऊ नको. धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊस आणि नाल्यांचं पाणी त्यात मिसळतं, म्हणून होळकर पुलाखालचा आकडा वेगळा देतात, तो बघायचा. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तुझी आई वरच्या मजल्यावर, असा नियम करून टाक. तू रात्रपाळीला असशील तर तो नियम सूनबाईंना आणि वरच्या काकूंना पाठ पाहिजे. पाच मिनिटांचा जिना अंधारात ओल्या पायाने पंधरा मिनिटांचा होतो.

तळमजला_पंचवटी:

काका, हे डोक्यातच नव्हतं. कमरेचा नियम आजच सांगतो घरी.

गियर_गुरू:

भाऊ कशाला डोक्याला ताप, ती तयार बॅगच घे ना, हप्त्यावर मिळते, सगळं एका जागी असतं.

सिडकोची_सुगरण:

तयार बॅग माझ्या दिराने घेतली होती. त्यात होकायंत्र होतं. पंचवटी कारंजावर उभं राहून उत्तर दिशा शोधायची का? आणि खायला काय तर चार कडक बिस्किटं, जी पोरांनी तोंडाला लावली नाहीत.

दादा, खायचं मी सांगते. न शिजवता खाता येईल तेच ठेवायचं, कारण गॅस बंद करून निघणार ना तुम्ही. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिवडा, भाजक्या डाळींचं सातूचं पीठ (पाणी आणि गूळ घातला की झालं, आईंना चावायला नको), पातळ पोहे आणि मेतकूट. पोरीसाठी दूध पावडरची छोटी पाकिटं आणि ती रोज खाते तेच बिस्किट, नवीन प्रयोग त्या रात्री नको. मॅगी बिगी नको, शिजवायला लागते. खारट फार नको, तहान लागते आणि पाणी मोजकं असतं. सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, नुसत्या पिशवीत ठेवलं तर उंदीर आधी इमर्जन्सी साजरी करतात.

आणि हे वेगळं आणायचंच नाही. महिन्याच्या किराण्यात एकेक वस्तू पावकिलो जास्त आणायची, जुनं खायला काढायचं, नवीन मागे ठेवायचं. मी मृगाच्या आधी एकदा बरणी उघडते आणि दिवाळीच्या फराळाच्या वेळी एकदा.

वायर_आणि_पाना:

मी इलेक्ट्रिकची कामं करतो, तेवढंच बोलतो. पाणी येतंय असं दिसलं की मेन स्विच पाडायचा, पण पाय कोरडे असताना. मीटर जिन्याखाली असेल आणि तिथे पाणी आलंच असेल तर हात लावायचा नाही, लांब राहून महावितरणच्या १९१२ ला फोन. दरवर्षी हे सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी पाण्यात उभं राहून फ्यूज काढतो.

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवायचा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधायचा, पाण्यावर तरंगतो तो, तरंगत जाऊन आडवा पडतो. परत घरात आल्यावर गॅसचा वास आला तर काडी ओढायची नाही आणि बटणही दाबायचं नाही, दारं उघडायची. म्हणून मेणबत्तीपेक्षा हेडटॉर्च घे, दीड-दोनशेला येतो, आईला धरायला दोन्ही हात मोकळे राहतात. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नको, बाहेर वेगळ्या पुडीत ठेव, तुझे फुटले ते त्यामुळेच. पॉवरबँकवर १०००० लिहिलेलं असलं तरी हातात सहा-साडेसहा हजार पडतात, म्हणजे साधा मोबाइल एकदा फुल आणि वर थोडा. दोन-तीन महिन्यांनी चार्ज करत राहायची. आणि कोणालाही द्यायची नाही, भाच्याला तर नाहीच.

मेडिकलवाला_सातपूर:

आईच्या बीपीच्या गोळ्या कमीत कमी दहा दिवसांच्या जास्तीच्या पिशवीत हव्यात, बीपीची गोळी मध्येच तोडणं चांगलं नाही. जनऔषधी केंद्रातून घ्या, बरंच स्वस्त पडतं, पण मीठ तेच आणि मिलिग्रॅम तेवढेच आहेत ना ते डॉक्टरांना विचारून. (मीठ म्हणजे औषधातला घटक, स्वयंपाकातलं नाही, एका आजींनी खरंच गैरसमज करून घेतला होता.) चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स पिशवीत.

बाकी ओआरएसची पाच पाकिटं, एक पाकीट एका लिटरला, अर्धं अर्ध्या लिटरला असं अंदाजे करू नका. संपलीच तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मुलीचं तापाचं सिरप वजनावर असतं, तिचं वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेला डोस बाटलीवर स्केचपेनने लिहून ठेवा, कारण रात्री दोनला कोणाला आठवत नाही. कापूस, बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक. पुराच्या पाण्यातून अनवाणी चालायचं नाही, लेप्टो होतो, उंदराच्या मुतातून येतो तो, आणि पायाला चीर असेल तर आणखी सोपं. चालावं लागलंच तर नंतर साबणाने पाय धुवा आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर अंगावर काढू नका, पाण्यातून गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आपल्याकडे मागाल तर मेडिकलमधून गोळी मिळेलही, पण घेऊ नका.

तळमजला_पंचवटी:

पाण्याचं कोणी बोललंच नाही अजून. नेटवर माणशी दिवसाला चार लिटर धरतात, म्हणजे चौघांचे तीन दिवसांचे ४८ लिटर. एवढ्या बिसलेरी घेतल्या तर २००० मधला मोठा भाग त्यातच गेला.

मखमलाबादची_लेक:

बाटल्या कशाला, २० लिटरचे कॅन घ्या झाकणाचे, आणि तेलाचे ५ लिटरचे रिकामे कॅन घरातच असतात, ते गरम पाणी आणि सोड्याने दोनतीनदा खळखळून धुवायचे. औषध फवारणीचे कॅन कोणी फुकट दिले तरी घेऊ नका, आमच्याकडे बागेत ढीग पडलेला असतो, कितीही धुतले तरी पाण्याला चालत नाहीत. वर्षभर भरून ठेवायची गरज नाही, पूर काय भूकंपासारखा न सांगता येत नाही, हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की भरायचे, तोपर्यंत रिकामे एकात एक. सरकारचं सचेत नावाचं ॲप आहे, त्यावर अलर्ट मराठीतूनही येतो. पूर असताना नळाचं पाणी गढूळ येतं, ते फडक्याने गाळून चांगली उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच ठेवायचं, नाहीतर क्लोरीनची गोळी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्या लिटरला एक आणि अर्धा तास थांबायचं.

जागेचं म्हणाल तर द्राक्षाचे जुने प्लास्टिकचे क्रेट मिळतात, सीझन संपल्यावर स्वस्त. दोन फ्रिजखाली, दोन धान्याच्या कोठीखाली. फूटभर पाण्यात तरी सामान वाचतं.

आता जे पुरुषमंडळी लिहीत नाहीत ते. पॅड, आतले कपडे, झाकणाची बादली आणि जाड काळ्या पिशव्या. ड्रेनेज उलटं येतं तेव्हा संडास वापरता येत नाही, आणि वरच्या काकूंच्या संडासाला वीस माणसं. बादलीत पिशवी, त्यात रद्दी आणि वर राख किंवा लाकडाचा भुसा, झालं. एक जुनी सुती साडी ठेवा, आडोसा, पोरीला पाठीशी बांधायला, दोरी, सगळं होतं तिचं. (म्हणजे तुमच्या मिसेसने साड्या घेतल्या ते अगदीच चुकलं नाही, फक्त पाच जास्त झाल्या.)

कागदवाला:

कागदपत्रं. आधार, रेशनकार्ड, भाडेकरार, पासबुक, पॉलिसी, पोरीचा जन्मदाखला, सगळं झिपच्या दोन पिशव्यांत एकात एक. लॅमिनेट करू नका, पुढे शिक्का मारायला किंवा पडताळणीला अडचण होते. मोबाइलमध्ये फोटो आणि डिजिलॉकर आहेच, पण टॉवर बंद पडला की ते उघडत नाही, यूपीआय पण नाही, म्हणून ५००-७०० रुपये दहा, वीस, पन्नासच्या नोटांत. घरात पाणी शिरलंच तर साफसफाईच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा, पंचनाम्याला तेच लागतात. आमच्या शेजारच्यांनी हौसेने घर आधी धुऊन काढलं आणि मग पंचनामावाल्यांना दाखवायला काही उरलंच नाही.

नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. ११२, अग्निशमन १०१, ॲम्ब्युलन्स १०८, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. पोरीच्या खिशात एक चिठ्ठी, नाव आणि दोन फोन नंबर.

तळमजला_पंचवटी:

सगळ्यांना मनापासून थँक्यू. तीन आठवड्यांनी आलोय, हिशोब देतो म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल. २० लिटरचे दोन कॅन ४००, तेलाचे दोन घरचेच, म्हणजे ५० लिटरची सोय झाली. पॉवरबँक ७९९, हेडटॉर्च १८०, सेल ८०, ओआरएस १०५, मलमपट्टीचं सामान १९०, झिपच्या आणि काळ्या पिशव्या ९०, दोन शिट्ट्या ३०, खाऊ २६०. झाले २१३४, म्हणजे १३४ ने बजेट फुटलं, त्याला पॉवरबँक जबाबदार. आईच्या जास्तीच्या गोळ्या तिच्या नेहमीच्या औषधांत धरल्या. क्लोरीनच्या गोळ्या आरोग्य खात्याच्या आशा सेविका ताईंनी दिल्या. पिशवी म्हणून भाच्याचं जुनं दप्तर, ते दाराच्या वरच्या खुंटीला टांगलंय. क्रेट पुढच्या महिन्यात, मखमलाबादवाल्या ताई सांगतील तिथून.

परवा मी रात्रपाळीला होतो तेव्हा बायकोने लाइट बंद करून आईला घेऊन रंगीत तालीम केली. घरातून वरच्या काकूंच्या दारापर्यंत अकरा मिनिटं. त्यातली चार आईचा चष्मा शोधण्यात. तिचा जुन्या नंबरचा चष्मा आता दप्तरात टाकलाय.

एक अडचण राहिली. मीटर जिन्याखाली बंद पेटीत आहे आणि किल्ली फक्त मालकाकडे, मालक राहतात नाशिकरोडला. विचारलं तर म्हणतात पावसाळ्यात बघू.

वायर_आणि_पाना:

पावसाळ्यात काय बघणार, तेव्हा तर पाणी असणार. तुझ्या खोल्यांची एमसीबी (लाइट पाडायचा छोटा स्विच) घरात दाराजवळ असेल तर तुझ्यापुरतं तिथून बंद होतं, ती आहे का आधी बघ. नसेल तर मालकाला सांग, लायसनवाल्या माणसाकडून बसवून घ्या, तासाभराचं काम आहे. आणि किल्लीची एक डुप्लिकेट वरच्या काकूंकडे ठेवायला सांग, तुला द्यायला नाही म्हणतील, काकूंना नाही म्हणणार नाहीत.

तळमजला_पंचवटी:

एमसीबी आहे, पोरीच्या कपड्यांच्या कपाटामागे. कपाट रविवारी सरकवतो. किल्लीचं काकूंनीच मालकाला फोन करून सांगितलं, उद्या पाठवतोय म्हणाले.