कुत्र्याच्या तोंडातली वस्तू हिसकावून घ्यावी की बदल्यात खाऊ देऊन सोडवावी?

कृष्णाकाठ (सांगली):
आमच्या शेजाऱ्यांचा लॅब्रॅडोर चप्पल किंवा मोजा तोंडात आला की टेबलाखाली जाऊन बसतो. कोणी जवळ गेले की अंग ताठ करतो, मान वस्तूवर झुकवून डोळ्यांच्या कडेने पाहतो आणि गुरगुरतो. जबडा उघडून वस्तू काढून घ्यावी आणि वर एक रट्टा द्यावा, असा सल्ला त्यांना जो तो देतो आहे. माझ्या मते हा सल्ला धोक्याचा आहे. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते. मार देऊन ती बंद पाडली, तरी वस्तू जाण्याची भीती तशीच राहते आणि एखाद्या दिवशी तो सूचना न देताच चावतो. त्यापेक्षा बदल्यात खाऊ देऊन वस्तू सोडवावी.

माणदेशी (दहिवडी):
हे शहरी लाड झाले. आमच्याकडे मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्र्याच्या भाकरीला मालकाने हात लावला तरी ते हूं की चूं करत नाही, कारण मालक कोण हे त्याला पिलू असतानाच कळलेले असते. चिकन दाखवून चप्पल सोडवली, तर चिकनसाठी उद्या तो रोज चप्पल पळवील.

कृष्णाकाठ:
माणदेशी दादा, ‘मालक कोण’ या कल्पनेला लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या इतरांना दाबून ठेवतो असा जो आधार दिला जातो, तो बंदिस्त लांडग्यांच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून आलेला आहे आणि ती कल्पना पुढे रूढ करणाऱ्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले, असे लिहून ती दुरुस्त केली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढून घेणाऱ्या मालकांपैकी ३९ टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचे सांगितले होते.
चप्पल पळवण्याची आपली शंका मात्र रास्त आहे. म्हणून चपला कपाटात ठेवाव्यात आणि सराव आपण ठरवलेल्या वेळी करावा. कुत्रा खात असताना तो ताठ होणार नाही इतक्या अंतरावरून जावे, भांड्याकडे चिकनचा तुकडा टाकावा आणि न थांबता पुढे निघून जावे. माणूस येताना दिसताच तो शेपूट हलवून वर पाहू लागला, तरच अंतर पाऊलभर कमी करावे. ‘सोड’ हा शब्द आधी जुन्या चेंडूवर शिकवावा आणि बक्षीस दिल्यावर चेंडू बहुतेक वेळा परत द्यावा, म्हणजे सोडले की गेले, असे त्याला वाटत नाही.

अजिंक्यतारा (सातारा):
पद्धत पटते, पण तिला आठवडे लागतात आणि घरात रांगणारे मूल असेल तर तेवढा धीर कोणी धरावा? शिवाय कुत्र्याने उंदराच्या औषधाची वडी उचलली, तर तिथे सौदा करत बसायचे काय?

कृष्णाकाठ:
मूल असलेल्या घरात कुत्र्याचे जेवण दाराआड किंवा जाळीपलीकडेच व्हावे. पहिल्या दिवसापासून पाळायचा नियम तो हाच. विषाची गोष्ट निराळी. तेव्हा मूठभर खाऊ बाजूला उधळून पाहावा, तेवढ्याने न भागल्यास जोर करून वस्तू काढावी आणि लगेच पशुवैद्यांकडे न्यावे. त्यात दात लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माणदेशी:
घरातल्या कुत्र्यापुरते मान्य करतो. राखणीच्या कुत्र्याला मात्र ‘सोड’ शिकवणार नाही, कारण रात्री चोरही चिकन घेऊनच येतो.

कृष्णाकाठ:
घरच्या माणसांकडून शिकलेले कुत्रे परक्याची आज्ञा आपोआप मानत नाही. प्रत्येक माणसाला तो सराव वेगळा करून घ्यावा लागतो, हीच तर आमच्या शेजाऱ्यांची तक्रार आहे.