पावसात लंगोट वाळेनात, डायपरने पुरळ आलंय. मदत हवी आहे

सायली७

लेक पाच महिन्यांची आहे. सध्या आम्ही दोघी माझ्या माहेरी, चिपळूणजवळ आहोत. उन्हाळाभर दिवसा सुती लंगोट आणि रात्री तेवढा डायपर असं छान चाललं होतं. जुलैचा पाऊस लागला आणि लंगोट वाळेनासे झाले. पडवीत दोरीवर टांगून ठेवले तरी हाताला दमट लागतात, कुबट वास येतो. म्हणून दिवसाही डायपर सुरू केले.

आता जांघेत लालभडक पुरळ आलंय. एरवी थोडी लाली दिसली की झिंक ऑक्साइडचं क्रीम लावायचे आणि ती उतरायची. या वेळी हटतच नाही. घडीत सगळ्यात जास्त आहे आणि कडेने बारीक लाल पुटकुळ्या सुट्या सुट्या उठल्यात. शू झाली की कळवळून रडते. मध्ये खोकल्यासाठी अँटिबायोटिक झालं, तेव्हा शी पातळ होत होती, ती आता ठीक आहे. ताप नाही, दूध नीट पिते.

आई म्हणते डायपर बंदच कर, लंगोट शेगडीच्या धुरीवर वाळवू. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय, "लगेच उतरेल" म्हणाला. त्यावर तीन-चार औषधांची नावं आहेत, एक क्लोबेटासोल. अजून लावलेली नाही. लावू का? शिवाय बदलताना ती आता पालथी पडते, पाय झाडते, धड पुसताही येत नाही. तुम्ही कसं करता?

रानजाई

ती ट्यूब कृपया लावू नका. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि अशा मिश्र ट्यूब लावून आलेली बाळं बघून जीव तुटतो. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड आहे. बाळाची त्वचा नाजूक, त्यात वरून डायपर बांधला की औषध आणखी शोषलं जातं. लाली आधी उतरल्यासारखी वाटते, पण आत बुरशी असेल तर ती फोफावते आणि त्वचा पातळ पडते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून कँडिडाचा, म्हणजे बुरशीचा, संशय येतो. ओल्याने आणि घासल्याने होणारं साधं पुरळ फुगीर भागावर येतं, घड्या बहुधा वाचतात. बुरशी घडीतच शिरते आणि कडेला अशा पुटकुळ्या उठतात. अँटिबायोटिकनंतर हे बऱ्याचदा होतं. तरी प्रत्यक्ष बघूनच ठरवायला हवं, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बुरशीवरचं क्रीम ते लिहून देतील. जिभेवर किंवा गालाच्या आत पुसून न निघणारे पांढरे डाग असतील तर तेही सांगा.

तोवर दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली की लगेच. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, मुलगी आहे म्हणून कायम पुढून मागे. मग मऊ कापडाने टिपा, घासू नका, आणि थोडा वेळ तशीच उघडी खेळू द्या. सुगंधी वाइप्स नकोत. पावडर तर नकोच, ती श्वासात जाते. ताप आला, पू दिसला किंवा सालं निघायला लागली तर त्याच दिवशी गाठा.

मेघना_सातारा

अगं, धुरीचं मात्र आईंना समजावून सांग. नुकता खोकला झालेल्या बाळाच्या घरात धूर नको. पंख्याखाली अर्धवट वाळले की दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरव. साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळ. कपडे मऊ करायचं ते लिक्विड वापरू नकोस, त्याने कापड पाणी शोषत नाही.

आणि पालथी पडतेय तर पडू दे! मागचं तसंच पुसून घे, मग उताणी करून पुढचं नव्या कापसाने. माझ्या लेकाला हातात स्टीलची वाटी दिली की तो त्यातच गुंगायचा. घोटे धरून उचलण्यापेक्षा कुशीवर वळव. पलंगावर नकोच, खाली सतरंजीवर, आणि सगळं सामान आधी हाताशी.

सायली७

रानजाईताई, मेघना, मनापासून आभार. जिभेवर पांढरे डाग आहेत, मला ते दुधाचेच वाटत होते. पुसून पाहिले, निघत नाहीत. ट्यूब परत करतेय. बाबा उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतायत. ते काय म्हणतात ते इथे लिहिते. आईला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, इस्त्री तिनेच तापत ठेवलीय.